कॉलेज फुटबॉलमधल्या फेकी जोखायच्या कशा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट संपता संपता अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि हल्ली मराठी क्रीडा पानांवरही त्याच्या बातम्या दिसू लागल्या आहेत. मुले, भाचे, पुतणे तिकडच्या विद्यापीठांत शिकत असल्याने आपल्याकडेही हे सामने बघणारा एक वर्ग तयार झाला आहे. पूर्व किनाऱ्यावरचा दुपारी बाराचा सामना भारतात शनिवारी रात्री साडेनऊला दिसतो, त्यामुळे जागरणही फार होत नाही. बातम्यांचे स्वागतच आहे. तक्रार आहे ती क्वार्टरबॅकची, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, तुलना ज्या तऱ्हेने केली जाते तिच्याबद्दल. चेंडूचा वेग, सर्वांत लांब फेक, फार तर पूर्ण झालेल्या (म्हणजे साथीदाराने झेललेल्या) पासची टक्केवारी, एवढ्यावर दोन खेळाडूंचा निकाल लावला जातो. फेकायचे ठरल्यापासून चेंडू बोटांतून सुटेपर्यंत वेळ किती गेला आणि त्या वेळात पाय कुठे होते, हा पहिला प्रश्न हवा. वेग आणि देखणेपणा त्यानंतर.

आधी मैदान पाहू, कारण कॉलेजचे मैदान व्यावसायिक एनएफएलच्या मैदानाइतकेच मोठे असले तरी एका बाबतीत ते वेगळे आहे. दोन्हीकडे रुंदी 160 फूट. मात्र डाव जिथून सुरू होतो त्या आतल्या खुणांच्या, म्हणजे हॅश मार्कच्या, दोन ओळींत कॉलेजमध्ये 40 फुटांचे अंतर असते. एनएफएलमध्ये ते फक्त साडेअठरा फूट. कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी सीमारेषा 60 फुटांवर आणि उजवी 100 फुटांवर पडते. आता ‘15 यार्डांचा आउट’ हा नेहमीचा पास घ्या. रिसिव्हर, म्हणजे पास झेलणारा साथीदार, सरळ 15 यार्ड पळतो आणि काटकोनात बाहेर, सीमारेषेकडे वळतो. क्वार्टरबॅक डाव सुरू होण्याच्या रेषेच्या 7 यार्ड मागे उभा आहे आणि झेल सीमारेषेच्या 3 यार्ड आत घ्यायचा आहे असे धरले, तर जवळच्या बाजूला चेंडूला सुमारे 28 यार्ड हवेत जावे लागते आणि लांबच्या बाजूला 37. एनएफएलमध्ये हाच लांबचा पास साडेचौतीस यार्डांच्या आसपास भरतो. पडद्यावर मात्र तिन्ही पास ‘15 यार्ड’ म्हणूनच लिहिले जातात. एखाद्या क्वार्टरबॅकने सामन्यात असे सहा आउट फेकले, तर त्यातले किती लांबच्या बाजूला होते हे कळल्याशिवाय त्याच्या हाताविषयी काहीच बोलता येत नाही. (कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय सीमेच्या आत टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन लागतात, त्यामुळे फेकणाऱ्याला थोडी सूट मिळते, ती वेगळी.)

आता वेगाचे गणित. ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर, हा चांगल्या क्वार्टरबॅकचा वेग मानला जातो. वायोमिंगच्या जॉश ॲलनने 2018 च्या एनएफएल चाचणीत 62 मैलांची, म्हणजे ताशी 100 किलोमीटरची फेक केली होती. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर 37 यार्डांचे अंतर पहिला चेंडू 1.38 सेकंदांत कापतो आणि दुसरा 1.22 सेकंदांत. फरक 0.16 सेकंदाचा. तेवढ्यात सेकंदाला 8 यार्ड धावणारा बचावपटू सव्वा यार्ड जवळ येतो. सव्वा यार्ड हे कमी नव्हे. पास पूर्ण होणे आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाणे यांतला तो फरक असू शकतो. पण हेच 0.16 सेकंद क्वार्टरबॅकने हात मागे नेऊन, खाली झोकून, मग वर आणण्यात घालवले, तर 62 मैलांचा हात 55 मैलांच्या हाताबरोबर येऊन बसतो. शिवाय हात खाली झुकला की बचावपटूला फेक कुठे येणार याची आगाऊ वर्दी मिळते, ते नुकसान या हिशेबात धरलेलेच नाही.

याची दोन टोकाची उदाहरणे म्हणजे फ्लोरिडाचा टिम टीबो आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा फिलिप रिव्हर्स.

टीबो डावखुरा. 2007 मध्ये हाइझमन पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा) मिळवणारा तो पहिला द्वितीय वर्षाचा खेळाडू. त्या हंगामात 32 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) पासवर आणि 23 स्वतः पळून. त्याच्या फेकीत चेंडू छातीपाशी न राहता आधी कमरेपर्यंत खाली यायचा, मागून मोठा वळसा घेऊन वर जायचा आणि मग सुटायचा. हात मजबूत होता, चेंडू लांब जायचा. कॉलेजात ही सवय खपून गेली, कारण तो स्वतः पळेल या धास्तीने मधले बचावपटू रेषेजवळ ओढले जायचे आणि त्यांच्या मागे रिसिव्हर मोकळे सापडायचे. मोकळीक मोठी असली की दशांश सेकंद कोणी मोजत नाही. 2010 मध्ये एनएफएल संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीच्या (ड्राफ्टच्या) आधी त्याने हाताचा वळसा आखूड करण्यासाठी मेहनत घेतली. चाचणीत ते दिसलेही. पण अंगावर बचावपटू चालून आले की शरीर जुन्याच वाटेने जाते. 2011 मध्ये एनएफएलच्या डेन्व्हर संघाकडून त्याचे जेमतेम 46.5 टक्के पास पूर्ण झाले.

रिव्हर्सची फेक दिसायला त्याहून वाईट. कोपर खाली, हात बाजूने, चेंडू फेकण्यापेक्षा गोळाफेकीसारखा ढकलल्याचा भास. कुठल्याही शिबिरात ही शैली मुलांना शिकवणार नाहीत, आणि शिकवूही नये. पण त्याचा चेंडू मुळातच उंच धरलेला असायचा आणि तिथूनच निघायचा. खाली जाणे नाही, मागे जाणे नाही. शिवाय रिसिव्हर वळण्याआधी फेकायची त्याची तयारी असायची. 2003 मध्ये त्याने 72 टक्के पास पूर्ण केले, 34 टचडाउन पास आणि फक्त 7 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास. 2004 च्या निवडीत तो चौथा गेला आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ एनएफएलमध्ये टिकला. दोघांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर बहुतेक लोक टीबोच्या बाजूने मत देतील. छायाचित्रात वेळ दिसत नाही, हीच त्यातली अडचण.

हा वेळ घरबसल्या मोजता येतो. सामन्याची ध्वनिचित्रफीत एकेक चौकट पुढे सरकवत बघा. पुढचा, म्हणजे न फेकणारा हात चेंडूवरून निघतो ती पहिली चौकट. चेंडू बोटांतून सुटतो ती शेवटची. सेकंदाला 30 चौकटींची फीत असेल तर एक चौकट म्हणजे 0.033 सेकंद, 12 चौकटी म्हणजे 0.4 सेकंद. वर सांगितलेला 0.16 चा फरक म्हणजे जेमतेम पाच चौकटी. फीत 60 चौकटींची आहे की 30 ची हे आधी तपासून घ्यावे, नाहीतर सगळे आकडे दुप्पट चुकतात. मंद गतीचे पुनर्दर्शन मोजणीला घेऊ नये. एकाच पासवरून निष्कर्षही काढू नये. मोकळ्या वेळेत फेकलेले पाच आणि अंगावर माणूस आलेला असताना फेकलेले पाच, असे दोन गट वेगळे मोजावेत. दबावात ज्याच्या चौकटी वाढतात त्याची शैली अजून पक्की झालेली नाही असे खुशाल समजावे.

पकड आणि चेंडू यांकडेही थोडे बघायला हवे. कॉलेजच्या चेंडूचे वजन 14 ते 15 औंस, म्हणजे साधारण 400 ते 425 ग्रॅम; क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट. लांबी अकरा इंचांच्या आसपास. बहुतेक खेळाडू अनामिका आणि करंगळी लेसवर, म्हणजे चेंडूवरच्या उंच दोरीवर, ठेवतात, मधले बोट लेसच्या कडेला, तर्जनी शिवणीजवळ चेंडूच्या टोकाकडे आणि अंगठा खालून. तळहात आणि चेंडू यांच्यामध्ये फट राहिली पाहिजे. तळवा चिकटला की चेंडू बोटांऐवजी हाताच्या मधूनच सुटतो आणि डगमगतो. चेंडूवरून सर्वांत शेवटी निघते ती तर्जनी. तळवा बाहेरच्या दिशेला वळतो आणि अंगठा जमिनीकडे जातो. फेक संपल्यावर अंगठा आकाशाकडे दिसला तर चेंडू डगमगतच गेला असणार, हे चेंडूकडे न बघताही सांगता येते. चांगल्या फेकीत चेंडू सेकंदाला दहाएक वेळा स्वतःभोवती फिरतो. फिरत्या भोवऱ्याला जे स्थैर्य मिळते तेच इथे हवेत मिळते. फिरणे कमी पडले की टोक इकडेतिकडे जाते, हवेचा अडथळा वाढतो आणि चेंडू रिसिव्हरच्या अलीकडेच पडतो.

हाताचा पंजा किती मोठा यावर दर वर्षी निवडीच्या आधी मोठी चर्चा होते. पिट्सबर्गच्या केनी पिकेटचा पंजा 2022 च्या चाचणीत साडेआठ इंच भरला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. कॉलेजमध्ये तो दोन्ही हातांत मोजे घालून खेळायचा आणि 2021 मध्ये त्याने 42 टचडाउन पास फेकले. लहान पंजा म्हणजे वाईट फेक असे होत नाही. ओल्या चेंडूवर, थंडीत आणि मुख्यतः फेकण्याचे सोंग करून चेंडू परत ओढताना लहान पंजाला त्रास होतो, एवढेच खरे. यात आणखी एक गंमत अशी, की कॉलेजमध्ये प्रत्येक संघ आक्रमणाला आपापले चेंडू वापरतो आणि ते एकाच कंपनीचे असावेत असे बंधन नाही. कोणाचा विल्सन, कोणाचा नाइकी. कातड्याचा खरखरीतपणा वेगळा, चोळून नरम करण्याची पद्धत वेगळी. तेव्हा एकाच सामन्यातल्या दोन क्वार्टरबॅकच्या फिरकीची तुलना करताना चेंडूही दोन आहेत हे विसरून चालत नाही.

मुख्य मुद्दा पायांचा. फेकीची ताकद जमिनीतून वर येते. मागच्या पायाने रेटा दिला जातो, पुढचा पाय टेकतो, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर, मनगट. हा क्रम महत्त्वाचा आहे. कंबर आणि खांदे एकाच वेळी वळले तर धड पिळले जात नाही आणि सगळा भार हातावर येतो. पुढचा पाय टेकतो त्या क्षणी चेंडू वर, फेकण्याच्या तयारीत पोचलेला असला पाहिजे. पाय टेकला आणि हात अजून खालीच असेल, तर हाताला घाई होते, कोपर मागे राहते, आणि चेंडू उंच जातो, उजव्या हाताच्या खेळाडूचा बहुधा उजवीकडे सरकूनही. समालोचक अशा पासला ‘हातातून निसटला’ म्हणतात. खरे तर तो पायाने आधीच चुकवलेला असतो.

पाऊलही आखूड हवे, सहा इंच ते फूटभर. पाऊल लांब पडले की वजन मागच्या पायावर अडकते, छाती मागे झुकते आणि चेंडू रिसिव्हरच्या डोक्यावरून जातो. पुढच्या पायाचा चवडा लक्ष्याच्या फार आत वळलेला, म्हणजे बंद राहिला तर कंबर अडते. चेंडूत जोर येत नाही आणि तो धावत्या रिसिव्हरच्या मागे पडतो. फार उघडला तर खांदा लवकर सुटतो आणि चेंडू विरुद्ध बाजूला खेचला जातो. एकच चूक सतत दिसत असेल तर ती सवय. दर वेळी वेगळी चूक दिसत असेल तर तो घाबरलेला आहे.

जॉश ॲलनचे उदाहरण इथे पुन्हा घ्यावे लागते. वायोमिंगमध्ये त्याचे 56 टक्क्यांच्या आसपास पास पूर्ण व्हायचे. हात तर सर्वांत जोरकस! पण पाय पसरलेले, पाऊल लांब आणि कंबर मागाहून. एनएफएलमध्ये पहिल्या वर्षी 52.8, दुसऱ्या वर्षी 58.8 आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे 2020 मध्ये, 69.2 टक्के. मधल्या काळात पायांचा आणि कमरेचा क्रम बसवण्यावर त्याने काम केले. रिसिव्हरही चांगले मिळाले, हे मान्य करायलाच हवे.

टक्केवारीच्या बाबतीत तर जो बरोचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून) 2018 मध्ये त्याचे 57.8 टक्के पास पूर्ण झाले आणि 16 टचडाउन. 2019 मध्ये 76.3 टक्के आणि 60 टचडाउन. माणूस तोच, हातही तोच. बदलली ती आक्रमणाची मांडणी. पाच-पाच रिसिव्हर पसरून उभे राहिले, बचाव आधीच ओळखता येऊ लागला आणि चेंडू वेळेवर सुटू लागला. बरोचा हात कधीच तोफेसारखा नव्हता. पंजाही चाचणीत नऊच इंच भरला. पण त्याचे पाय कायम फेकायच्या तयारीत असतात. पहिला रिसिव्हर सोडून दुसऱ्याकडे नजर वळली की पायही त्याच वेळी वळतात. आमच्या मते गेल्या वीस वर्षांत कॉलेजमध्ये शिकण्यासारखी सर्वांत चांगली फेक त्याचीच, जरी ती बघताना विशेष काही वाटत नाही.

हात कोणत्या कोनातून येतो हा चर्चेचा आवडता भाग. टेक्सासचा विन्स यंग सहा फूट पाच इंच उंच, पण हात बाजूने आणायचा. त्यामुळे उंचीचा फायदा बराचसा वाया जायचा आणि समोरच्या फळीचे हात चेंडूला लागायची भीती असायची. तरी 4 जानेवारी 2006 च्या रोझ बोलमध्ये त्याने 40 पैकी 30 पास पूर्ण केले, वर 200 यार्ड पळाला आणि यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला) 41-38 असे हरवले. उलट ओक्लाहोमाचा कायलर मरी जेमतेम पाच फूट दहा इंच. तो चेंडू डोक्यावरून सोडतो आणि समोरच्या खेळाडूंमधली फट शोधत दोन पावले सरकतो. सुटण्याची उंची आणि माणसाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मरी बेसबॉलमध्येही पहिल्या फेरीत निवडला गेला होता, आणि ते त्याच्या मनगटात दिसते.

बेसबॉलची छाप पॅट्रिक महोम्सवर आणखी ठळक. त्याचे वडील मेजर लीगमध्ये पिचर होते. 22 ऑक्टोबर 2016 ला लबकमध्ये टेक्सास टेक विरुद्ध ओक्लाहोमा हा सामना ज्यांना मिळेल त्यांनी जरूर बघावा, कारण दोन शैलींची तुलना करायला त्याहून चांगला सामना सापडणे कठीण. महोम्सने 88 पास फेकले, 734 यार्ड मिळवले आणि सामना 59-66 असा हरला. समोर बेकर मेफिल्ड, जो आधी टेक्सास टेकमध्येच होता; त्याने 545 यार्ड आणि 7 टचडाउन पास मिळवले. मेफिल्ड ठेंगणा, आटोपशीर, पाय खाली पक्के, हात लहानशा वर्तुळात. महोम्स पळता पळता, मागच्या पायावर, कधी खांद्याच्या खालून. बघणाऱ्याच्या लक्षात महोम्सचे पास राहतात. पण दोघांच्याही फेकींत एक गोष्ट सारखी आहे: पाय कुठेही असोत, चेंडू सुटण्याआधी कंबर वळलेली असते. महोम्सच्या आडव्या फेकीत कोपर खांद्याच्या ओळीच्या खाली गेल्यासारखे वाटते. नीट बघितले तर त्याने सगळे धडच वाकवलेले असते आणि खांदा-कोपर ही ओळ बरीचशी तशीच राहते. मुले नक्कल करतात ती फक्त हाताची. धड सरळ ठेवून नुसते कोपर खाली पाडले की चेंडू तरंगतो आणि खांदा-कोपर दुखू लागतात.

पळत असताना फेकण्यातही उजवे-डावे आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजवीकडे पळताना कंबर जवळजवळ लक्ष्याकडेच असते. डावीकडे पळताना मात्र डावा खांदा मुद्दाम ओढून लक्ष्याकडे आणावा लागतो आणि सुटण्याआधी लक्ष्याच्या दिशेने दोन पावले टाकावी लागतात. ही दोन पावले चुकवली तर पास तरंगतो.

डावखुऱ्यांविषयी थोडे. त्यांच्या चेंडूची फिरण्याची दिशा उलटी असते; लांब फेकीत उजव्या हाताचा चेंडू किंचित उजवीकडे झुकतो, डाव्या हाताचा डावीकडे. रिसिव्हरला सवय व्हायला थोडे दिवस लागतात. त्याहून मोठा बदल क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या त्याच्याच संघाच्या पुढच्या फळीत होतो. क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला, ती बाजू सांभाळणारा टॅकल, म्हणजे या फळीतला कडेचा खेळाडू, सर्वांत भरवशाचा लागतो. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी तो डावीकडचा, डावखुऱ्यासाठी उजवीकडचा. अलाबामात टुआ टागोवायलोआच्या वेळी हे काम उजवीकडच्या जेड्रिक विल्सकडे होते. टुआ मुळात उजव्या हाताचा. वडिलांनी लहानपणी त्याला डाव्या हाताने फेकायला लावले. 8 जानेवारी 2018 ला जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर जेलन हर्ट्सच्या जागी तो आला आणि जादा डावात 41 यार्डांचा पास फेकून त्याने सामना 26-23 असा संपवला. त्या पासमध्ये हाताइतकेच काम डोळ्यांनी केले: आधी नजर दुसऱ्या बाजूला ठेवून मागच्या बचावपटूला तिकडे रोखले, मग डाव्या सीमेलगत धावणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथकडे चेंडू सोडला.

वॉशिंग्टनचा मायकेल पेनिक्स हाही डावखुरा, पण हात खालून येणारा आणि पाय एकमेकांजवळ. 2023 मध्ये त्याने 4,903 यार्ड फेकले. 1 जानेवारी 2024 ला टेक्सासविरुद्ध 38 पैकी 29 पास, 430 यार्ड. एका आठवड्याने मिशिगनने त्याच्या पायांपाशी गर्दी केली, तेव्हा 51 पैकी 27 आणि दोन इंटरसेप्शन. अरुंद पायांवर उभा राहून नुसत्या हाताने फेकणाऱ्याला मोकळी जागा लागते; ती मिळाली तर त्याच्यासारखा लांब पास कोणी टाकत नाही. एवढा फरक एका आठवड्यात पडला, आणि हात तर तोच होता.

आजच्या कॉलेज खेळात आणखी एक प्रकार वाढला आहे, तो म्हणजे आरपीओ (रन-पास ऑप्शन, पळायचे की पास टाकायचा हे ऐनवेळी ठरवणे). चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी धरायचा, एका ठराविक बचावपटूकडे बघायचे, तो पुढे आला तर चेंडू काढून घेऊन त्याच्या मागे पास टाकायचा. कॉलेजच्या नियमात पुढच्या फळीला पासच्या वेळी तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. म्हणून हा डाव कॉलेजमध्ये जास्त चालतो. इथे लेस शोधायला किंवा पाय रोवायला वेळच नसतो. यात जो पटाईत, त्याची मनगटाची झटक चांगली असणार. पण आरपीओवर मिळालेले पूर्ण पास आणि पाच पावले मागे जाऊन फेकलेले पास एकाच टक्केवारीत मिसळले की ती टक्केवारी शैलीविषयी काही सांगत नाही.

लांब पासविषयी एकच सांगतो. सीमेलगतच्या सरळ धावेवर चेंडू कुठे पडायला हवा हे मैदानावरच लिहिलेले आहे: यार्डांचे जे आकडे रंगवलेले असतात त्यांचा वरचा काठ सीमेपासून नऊ यार्डांवर असतो. चेंडू आकडे आणि सीमारेषा यांच्या मधल्या पट्ट्यात उतरला पाहिजे. आकड्यांच्या आत पडला तर मागचा बचावपटू पोचतो, सीमेला चिकटला तर रिसिव्हरला जागा उरत नाही. पास अपूर्ण राहिला तरी चेंडू या पट्ट्यात पडला असेल तर फेकणाऱ्याचे काम झालेले असते.

हे सगळे आपल्या वाचकांना कशासाठी, असा प्रश्न येईल. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही आहे: पाच-पाच खेळाडू, 25 यार्ड रुंद मैदान, धक्काबुक्की नाही, कमरेची पट्टी ओढली की डाव थांबला. आपल्याकडच्या मुलामुलींनाही हा खेळ खेळता येण्यासारखा आहे. त्यात अंगावर येणारा खेळाडू सात यार्डांवरून सुटतो, त्यामुळे फेकणाऱ्याला जेमतेम दोनेक सेकंद मिळतात आणि हाताच्या आखूड वळशाची किंमत आणखी वाढते. सीमारेषेवरून विकेटकीपरकडे चेंडू टाकायची सवय असलेली आपली मुले नेमकी टीबोची चूक करतात: हात खाली नेऊन मागून मोठा वळसा. 160 ग्रॅमच्या चेंडूला ते चालते. 400 ग्रॅमला खांदा कुरकुरतो आणि चेंडू निसटतो.

सुरुवात गुडघ्यावर बसून करावी. फेकणाऱ्या हाताकडचा गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, जोडीदार दहा यार्डांवर. चेंडू दोन्ही हातांत, छातीच्या वरच्या भागाशी, फेकणाऱ्या खांद्याच्या बाजूला. तिथून तो सरळ कानाच्या मागे वर जाईल. कमरेकडे उतरला तर ती फेक मोजू नये. शेवटी अंगठा विरुद्ध मांडीकडे. फिरकी नीट आली की उभे राहून त्याच अंतरावर, मग पंधरा यार्ड. सुरुवातीचे काही आठवडे दिवसाला चाळीस-पन्नास फेकी, एक दिवसाआड. लांब फेक अजिबात नको. नऊ ते बारा वयाला ‘ज्युनियर’ आणि बारा ते चौदा वयाला ‘यूथ’ मापाचा चेंडू घ्यावा. मोठा चेंडू दिला की मूल तो फेकायचे सोडून ढकलू लागते. आणि फिती बघून शिकवायचे असेल तर महोम्स आधी नको. बरोच्या पायांपासून सुरू करावे, तेही आवाज बंद करून.

आपल्या क्रीडा विभागाला एवढीच विनंती, की यापुढे क्वार्टरबॅकच्या कामगिरीची चौकट देताना यार्ड आणि टक्केवारी यांच्या शेजारी दोन आकडे आणखी द्यावेत: लांबच्या हॅशवरून पलीकडच्या सीमेकडे फेकलेले पास किती, आणि त्यातले पूर्ण किती. सामना एकदा पुन्हा बघून ते मोजता येतात.

आपला,
एक वाचक, ठाणे